गुहा आधी, गाव नंतर

इटलीत गार्गानोच्या डोंगरावर मोन्ते सांतांजेलोला देवदूत मिकेलेची गुहा आहे, तिकडे मी पायी निघाले होते. वाटेतल्या सान जोवान्नी रोतोंदोतली संत पाद्रे पिओंच्या दर्शनाची रांग, मूर्तींची दुकानं, एक कॉफी. बास. त्याआधीचा स्तिन्यानोचा मठ आणि सान मार्को इन लामिस आता एकमेकांत मिसळलेत. पुढची दुपार मात्र लख्ख आठवते, कारण डाव्या टाचेवरचा फोड टरारून फुगला होता.

गार्गानोचा डोंगर चुनखडीचा. पांढरा दगड, पांढरी धूळ, सावली शोधावी लागते. पुढे चालणारा एकजण अखंड शिट्टी वाजवत होता. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ मनात धरलं, पण डावा पाय टेकला की माउली अर्ध्यावरच तुटायची. मग ठेका सोडला आणि त्या शिट्टीवाल्यावर दात खात चालले.

एका गोठ्याशेजारी दगडावर बसून बूट काढला. आतून एक आजी आल्या. टाच पाहिली, काही न बोलता परत गेल्या आणि परातभर कोमट मिठाचं पाणी घेऊन आल्या. माझा पाय आपणच धरून त्यात बुडवला. मला भयंकर संकोच वाटला. आपल्याकडे वारकऱ्याचे पाय चेपणारे भेटतात, तरी माझा पाय कुणी हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. मग सुई जाळावर तापवून फोडातून दोरा आरपार ओवला, पाणी झिरपावं म्हणून तो आतच ठेवला. पावाची जाड फोड दिली. मी पैसे काढले तर रागावल्या. ‘सान मिकेलेकडे चाललीयस ना?’ एवढं इटालियन मला कळलं.

बैलाची गोष्टही त्यांनीच हातवारे करून सांगितली. गार्गानो नावाच्या धनिकाचा हरवलेला बैल गुहेच्या तोंडाशी सापडला. चिडून त्यानं बाण सोडला तो उलटून त्यालाच लागला. मग सिपोंतोच्या बिशपांना देवदूत मिकेलेनं दर्शन दिलं, ही गुहा माझी म्हणाला. परंपरा साल देते 490. मोन्ते सांतांजेलो हे गाव उगवलं ते त्यानंतर, चालत येणाऱ्यांना निजायला-जेवायला घालता घालता. राजानं वसवलेलं नाही, यात्रेकरूंनी वसवलेलं, हे मला फार आवडलं.

राजे नंतर आलेच. 650 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) बायझंटाइन सम्राटाचं सैन्य या देवस्थानावर चालून आलं, ते बेनेव्हेन्तोचा लोंबार्ड ड्यूक ग्रिमोआल्द यानं परतवलं. तेव्हापासून लोंबार्डांनी, म्हणजे इटलीत राज्य करणाऱ्या त्या जर्मानिक लोकांनी, मिकेलेला आपलाच मानला. 2011 साली युनेस्कोनं लोंबार्डांच्या ठिकाणांत या देवस्थानाची नोंद केली.

शेवटचा चढ संपल्यावर उतरायच्या पायऱ्या! गुहा खाली आहे. कठडा धरून तिरकी-तिरकी उतरले. मागून एक मंडळी गात आली, जागा दे म्हणून कोपरानं ढोसलं. तरी त्यांच्या सुरात डोळे भरून आले. वाटेतला कांशाचा दरवाजा 1076 चा, कॉन्स्टँटिनोपलमध्ये घडवलेला. दात्यानं त्यावर कोरून ठेवलंय की वर्षातून एकदा हा घासूनपुसून ठेवा. दान देऊन वर ताकीद! हा माणूस आमच्या आत्याच्या घरात शोभला असता.

जुन्या यात्रेकरूंनी दगडात आपल्या पंजांच्या आकृत्या कोरल्यात, उत्तर युरोपातल्यांनी त्यांच्या जुन्या रूनिक लिपीत नावंही. एका पंजावर मी हात ठेवून पाहिला. माझा मोठा निघाला. वर आले तर शिट्टीवाला बदाम-मधाच्या चकत्या खात उभा. एक पुढे केली, मी दोन घेतल्या.