कोड ९२

लालबागच्या चाळीतला आमच्या सर्व्हेचा तो इंटरव्ह्यू होऊन दीड महिना झाला तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

मी अर्थशास्त्र शिकवते. संशोधन नोकऱ्या आणि घरांवर, म्हणजे लांब चांगलं काम मिळत असताना माणूस जागचा का हलत नाही. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या खोलीचं कारण सगळ्यांना पाठ आहे, १९४७ च्या भाडे कायद्यापासून गोठत आलेलं भाडं, ते सोडून कोण जाईल. माझा पेपरही त्यावरच चाललाय.

त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर काकू एकट्याच होत्या. दहा बाय बाराची खोली, सासरे गिरणीत, १९८२ च्या संपानंतर पुन्हा कामावर घेतलंच नाही. नवरा पुण्याजवळ चाकणला फिटर, चार वर्षं झाली, महिन्यातून एकदा येतो. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहणारा माणूस आमच्या फॉर्ममध्ये कुटुंबात धरत नाहीत, त्यामुळे तो गळला. तुम्ही काय करता? "काही नाही हो मॅडम, घरीच असते." मी ९२ टाकला. पीएलएफएस या सरकारच्या रोजगार सर्वेक्षणातला कोड आम्ही तसाच घेतलाय, फक्त घरकाम, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर, नोकरी करत नाही आणि शोधतही नाही.

फॉर्म मिटता मिटता सहज विचारलं, तुम्ही का नाही गेलात तिकडे? तर त्यांनी गादीखालून प्लास्टिकची पिशवी काढली. भाडेपावत्या आणि लाइटबिलं, महिन्यावार लावलेली. "सहा महिने खोली बंद दिसली की मालक केस टाकतो, बिल कमी आलं की कोर्टात तेच दाखवतात. पलीकडच्यांची अशीच गेली. तिकडे पॅकिंगला बायका लागतात, मला बोलावलं होतं, पण मी गेले तर इथे कोण?"

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १६. वाजवी कारण नसताना सलग सहा महिने वापर नसेल तर मालक ताबा मागू शकतो. हे कलम मी वर्गात शिकवलंय आणि तरीही, ते पाळण्यासाठी एक बाई रोज ड्युटीवर असते हे मला कधी सुचलं नव्हतं. नवरा आमच्या फॉर्ममधून गळलेला, दुसरीकडे मोजला गेलाच तर चाकणला गेलेला कामगार म्हणून दिसणार, म्हणजे घराने कुणाला अडवलं नाही असाच निष्कर्ष निघणार, आणि जिला अडवलं ती ९२ मध्ये बसलीये, दोन ठिकाणचा खर्च, हुकलेला पगार कुठल्याच कॉलममध्ये नाही.

एका सहकाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, एकच केस आहे ही, किस्सा म्हणून ठीक आहे. मला रागच आला. किस्साच असेल, पण विचारलंच नाही तर दुसरी केस सापडणार कुठून? सर्व्हेची मुलं तरी का थांबतील, त्यांना फॉर्ममागे पैसे मिळतात आणि तो दर आपणच ठरवतो.

परवा नवीन फॉर्ममध्ये मी प्रश्न घातला, "ही खोली सहा महिने बंद ठेवता येईल का? नसेल तर ती कोण सांभाळतं?" फॉर्म आधीच लांब आहे म्हणून टीममधले तो काढायला सांगतायत. मी नाही काढणार.