सही घरून आली होती

मी कम्युनिटी मेडिसिन शिकवते. वर्षातला बराच काळ खेड्यांतल्या शाळांमध्ये जातो, कारण किशोरवयीन मुलांचं मानसिक आरोग्य हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १० ते १९ वयोगटात सातातल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. हे ठाऊक असलं की समोरच्या वर्गाकडे नुसतं पाहणंही अवघड होतं.

त्या दिवशी नववीचा वर्ग होता. आमची प्रश्नावली नऊ प्रश्नांची: गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, कशात मन रमलं का, थकवा जाणवला का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण; त्रास जास्त, तितके गुण जास्त. दहा किंवा जास्त झाले की मुलाशी सविस्तर बोलायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे एक गुण जरी आला तरी त्याच दिवशी बोलायचं.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी दोन कागद लागतात. एक पालकांचं संमतीपत्र, दुसरा खुद्द मुलाची सहमती. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे बारा वर्षांपुढे ती लेखी घेतात. प्रत्यक्षात बहुतेक मुलं हा दुसरा कागद न वाचताच सही करतात. शाळेत मोठ्यांनी पुढे केलेल्या कागदावर सही करायची, एवढंच त्यांना माहीत असतं.

खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी मात्र वाचत होती. ओळीखाली बोट धरून, सावकाश. बाकीच्यांचे कागद गोळा होऊ लागले तेव्हा तिने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "मला नाही भरायचं."

"भर गं, सगळ्या भरतायत," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापक दारातच होते. "मॅडम, वडिलांची सही आलीय घरून. हिला काय विचारायचं?"

"तिलाच विचारायचं असतं, सर," मी म्हटलं. "ती नाही म्हणाली, तर वडिलांची सही असूनही आम्हाला तिला घेता येत नाही." त्यांना ते पटलं नाही, हे दिसत होतं. पण ते आणखी काही बोलले नाहीत.

मी तिच्या बाकाजवळ गेले. कारण विचारायचं नव्हतं. नकाराला कारण द्यावं लागत नाही. "चालेल. बाहेर जाऊन बसलीस तरी चालेल," एवढंच म्हटलं. तिने कागद माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर विश्वासातल्या मोठ्या व्यक्तीला सांगू, असं तिथे लिहिलं होतं.

"विश्वासातली म्हणजे कोणाच्या? तुमच्या की माझ्या?"

संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीने मंजूर केलेला कागद होता तो. मी खरं तेच सांगितलं: शक्यतो तुझ्या. पण लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे आम्हाला ती कळवावीच लागते. तिथे 'कोणाला सांगणार नाही' असा शब्द मी देऊ शकत नाही. तिने मान हलवली, दप्तर उचललं आणि बाहेर गेली. जाताना टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, लिहिलेली चिठ्ठी मात्र तिने घेतली. ती आम्ही सगळ्यांनाच देतो, भाग घेवो न घेवो.

नंतर वर्गात जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. ती गेली, तिला कुणी अडवलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन मुलगे उठले आणि आपले कागद परत मागू लागले. आम्ही दिले. एकाने फाडून टाकला. दुसरा बाकावर जाऊन तो पहिल्यापासून वाचू लागला आणि अर्ध्या तासाने भरून घेऊन आला. घाईत एकाच रकान्यात सरळ खाली खुणा करत जायची सवय मुलांना असते, तशी त्याची उत्तरं नव्हती. दोन ठिकाणी खोडून पुन्हा खूण केली होती.

समितीची परवानगी घेऊन आम्ही सहमतीपत्रात एक ओळ वाढवली: 'गरज पडली तर आधी कोणाला सांगावं असं तुला वाटतं?' पुढे मोकळी जागा. त्या जागेत शिक्षकांचं नाव क्वचितच येतं. आत्या येते, आशाताई येतात, नोकरीला लागलेली चुलत बहीण येते. काही मुलं ती जागा कोरी सोडतात. त्यांचे गुण शून्य असले तरी आमची समुपदेशक त्यांना भेटल्याशिवाय शाळेतून निघत नाही.