फाटकावरचं ‘मिस्पा’

फाटकावर ‘मिस्पा’ का लिहिलंय, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गॅसवाला विचारतो, नवे भाडेकरू विचारतात, परवा मीटर बघायला आलेला मुलगा म्हणाला, ‘मिस्पा म्हणजे तुमची मुलगी का?’ नाही हो. जागेचं नाव आहे, बायबलातलं, उत्पत्तीच्या 31व्या अध्यायातलं. गल्लीत एक ‘बेथेल’ आहे. त्यांचं बरं, देवाचं घर म्हटलं की झालं.

मी आजवर एवढंच सांगत आले: आपण एकमेकांच्या नजरेआड असताना देव दोघांवर नजर ठेवो. ऐकणारा म्हणतो, किती छान! चुलतबहिणीच्या लग्नात आहेराच्या पाकिटावरही मी तेच लिहिलं.

हिब्रूत ‘त्साफा’ म्हणजे पाळत ठेवणं. मिस्पा म्हणजे टेहळणीची जागा. शेतातला राखणीचा माळाच म्हणा. आणि माळा काही पाखरांच्या मायेनं घालत नाहीत.

मिस्पा हे नाव ज्यावरून पडलं ते नजरेआडचं वाक्य लाबानाचं आहे. जावयाला, याकोबाला, वीस वर्षं राबवलं, दहादा मजुरी बदलली, आणि तो न सांगता बायकापोरं, कळप घेऊन निघाला तेव्हा सात दिवस पाठलाग करून गिलादच्या डोंगरात गाठलं. लाबानाची लेक, याकोबाची बायको राहेल, तिनं बापाचे देव चोरून उंटाच्या खोगिरात दडवलेले, ते वेगळंच. मग दगडांची रास रचून करार झाला. राशीचं नाव लाबानानं अरामीत ठेवलं, यगर-सहदूथा. याकोबानं हिब्रूत, गलेद. दोन्हींचा अर्थ एकच, साक्षीची रास. पण म्हणायचं ज्यानं त्यानं आपल्याच भाषेत!

आमच्याकडे रास नव्हती, भिंत होती. आजी गेल्यावर पप्पांनी आणि काकांनी घर वाटून घेतलं. अंगणातल्या भिंतीचा शेवटचा थर बसला तेव्हा काका म्हणाले, वचन वाचून प्रार्थना करू. गवंडी थापी धरून उभा, मी चहाचा ट्रे धरून. वय तेरा. पप्पांनी 49वं, ते नजरेआडचं, वचन वाचलं आणि बायबल मिटलं.

‘दादा, पुढचं वाच.’

पप्पा गप्प. मग काकांनीच स्वतःचं उघडून 52व्यापर्यंत वाचलं. वाईट हेतूनं ही रास ओलांडून मी तुझ्याकडे येणार नाही, तूही माझ्याकडे यायचं नाही. आमेन कुणी म्हटलं ते आठवत नाही. काकूंनी कप घेतला नाही. सहा कपांतले तीन गवंडीच प्यायला.

आठवड्याभरात आमच्या फाटकावर ही पाटी लागली. पप्पांनी ती आशीर्वाद म्हणून लावली की टोमणा म्हणून, कधी विचारलं नाही.

चुलतबहीण भिंतीपलीकडची. पाकिटावर भाबडेपणानं लिहिलं, असं मी सांगत असते. पुढची वचनं मला तेव्हाही पाठ होती.

पण नुसती धमकी होती असंही म्हणवत नाही. लाबान म्हणतो, माझ्या मुलींना छळू नकोस, त्यांच्यावर दुसऱ्या बायका करू नकोस. एवढी काळजी त्याला होती. आणि सकाळी लेकीनातवंडांचे मुके घेऊनच तो परत फिरला. आमच्यात तेवढंही झालं नाही.

काल रंगारी आला. ‘ताई, हेच नाव परत काढू?’ काढ म्हटलं. अर्थ त्यानंही विचारला. त्याला नजरेआडचं तेवढं सांगितलं.