ग्लव्ह बॉक्सच्या मागे काय दडलेलं असतं

मागच्या महिन्यात सर्व्हिसिंगहून गाडी आली, बिलात स्पष्ट लिहिलेलं की एसीचा फिल्टर बदलला, इंजिनचा एअर फिल्टर बदलला, दोन्हीचे पैसे भरले. तरी ब्लोअर ३ वर टाकला की नुसती घरघर, हवा जेमतेम, आणि एसी सुरू केल्या केल्या ओल्या गोधडीसारखा कुबट वास. बाबांना दमा आहे, ते पुढे माझ्या शेजारी बसतात आणि वाघोलीपासून येरवड्यापर्यंत रुमाल नाकाला लावूनच होते. मला ते बघवेना. रविवारी सकाळी पार्किंगमधे गाडीचा दरवाजा उघडून बसले आणि म्हटलं आज स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच.

आधी एक सांगते कारण यात बऱ्याच जणांचा घोळ होतो, फिल्टर दोन वेगळे असतात. एक इंजिनचा, तो बॉनेटखाली असतो. दुसरा केबिनचा, म्हणजे आपण जी हवा श्वासात घेतो ती गाळणारा, तो बहुतेक गाड्यांमधे ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. आमची स्विफ्ट २०१४ ची आहे. ग्लव्ह बॉक्स आधी रिकामा केला (पीयूसीचे कागद, दोन छत्र्या, बाबांचा जुना चष्मा असं काय काय निघालं), मग त्याच्या दोन्ही कडा हाताने आत दाबल्या की तो अडकणीतून सुटतो आणि खाली लोंबतो. मागे ब्लोअरचा काळा डबा दिसतो, त्याला एक अरुंद झाकण असतं, खटका दाबला की निघतं. गाडी बंद, ब्लोअर बंद, हे आधी बघा, नाहीतर कचरा सरळ पंख्यात जातो.

फिल्टर ओढला आणि मी बघतच राहिले. मूळचा पांढरा असणार तो, आता राखेच्या रंगाचा, घड्यांमधे गुलमोहराची बारीक बारीक पानं गच्च बसलेली, एक वाळलेला पतंग, आणि एका कोपऱ्यात शेंगांची टरफलं आणि उंदराने कुरतडलेला कापसासारखा चोथा. काचेखालच्या जाळीतून पानं आत येतात आणि आमच्या पार्किंगमधे उंदीर आहेत हे माहीत होतं, पण बाबा ही हवा घेत होते हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि हा फिल्टर महिन्यापूर्वी बदललेला असणं शक्यच नाही. फार राग आला. फोटो काढून तिकडे पाठवले, पैसे परत मिळाले, पण प्रश्न पैशाचा नव्हताच.

जुना काढताना त्यावरचा बाण कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढून ठेवा, नवा तसाच बसवायचा, बाण हवेच्या दिशेने. खाचेत ओला फडका फिरवून कचरा काढला, नवा सरकवला, झाकण लावलं, पंधरा मिनिटांत काम झालं. थोडे जास्त पैसे देऊन कार्बनवाला घेतला, त्यात कोळशाचा थर असतो आणि धुराचा वास बराच अडतो, नगर रोडवर ट्रकच्या मागे उभं राहिलं की फरक लगेच कळतो.

इंजिनचा तर अजून सोपा आहे. इंजिन गार असताना बॉनेट उघडा, जाड रबरी नळी ज्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्याला जोडलेली असते तोच, लोखंडी क्लिपा सोडवून झाकण उचलायचं, काही गाड्यांना स्क्रू असतात. नळीजवळ सेन्सरची वायर असते तिला ताण देऊ नका. तळाशी साचलेली माती पुसून घ्या, पण इंजिनाकडे जाणाऱ्या बाजूला कण पडू देऊ नका. नवा फिल्टर बसवताना त्याची रबरी कड खाचेत चहूबाजूंनी नीट बसली पाहिजे, जराशी फट राहिली तरी न गाळलेली धूळ सरळ इंजिनात. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका, कागद खराब होतो. गॅरेजवाले काका हवा मारून देतात ते ठीक आहे पण आतल्या बाजूने बाहेर आणि हलक्या प्रेशरने. नवा टाकला की मायलेज वाढतं असं सगळे सांगतात, पण हल्लीच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत हवा मोजूनच पेट्रोल सोडलं जातं, त्यामुळे फिल्टर तुंबला की मार बसतो तो मुख्यतः पिकअपला. मॅन्युअलमधे किलोमीटर दिलेले असतात, पण रस्ता खणलेला असेल, मेट्रोचं काम चालू असेल, रोजचा रस्ता मातीचा असेल तर त्याच्या आधीच उघडून बघा.

नव्या केबिन फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिलेत. पुढच्या सर्व्हिसिंगहून गाडी आली की आधी ग्लव्ह बॉक्स उघडणार. काल बाबांना घेऊन येरवड्याला गेले, एसी २ वरच होता, रुमाल खिशातच राहिला आणि खराडी बायपासच्या सिग्नलला बघते तर बाबा झोपलेले.