चालताना हिशोब विचारू नका

31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी सोलापूर-अक्कलकोट गाडीवर. बोचकी ओलांडत, खांदा सीटच्या दांडीला टेकवून तिकीट फाडायचं. तोंडानं "पुढं सरका, पुढं सरका" चालू, डोळे दारावर आणि डोक्यात तीन फुल दोन हाफचा हिशोब. वर शंभराच्या नोटेचे सुट्टे. पायांकडं कधी बघितलं नाही. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला तरी ते आपले आपण सावरायचे.

मागच्या भाद्रपदात पॅरालिसिसचा झटका आला. डावा हात, डावा पाय. दवाखान्याचं सांगत बसत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. चार महिन्यांनी काठी आणि बुटात प्लॅस्टिकची पट्टी घालून चालायला लागलो. घरच्यांना वाटलं, झालं, गाडी रस्त्याला लागली.

मग एका सकाळी कंबर तलावावर जुना ड्रायव्हर दोस्त भेटला. सोबत चालता चालता म्हणाला, "का हो कंडक्टर, आपल्या वेळी वळसंगचं तिकीट किती होतं?" साधा प्रश्न. मी आठवायला गेलो आणि डावा पाय फरशीला घासला. सावरलो, पण तोंडातून शब्द निघेना, म्हणून नुसता चालत राहिलो. त्यानं दोन-तीनदा विचारलं, मग गप्प झाला. नंतर कानावर आलं, "रिटायर झाल्यापासून लई शिष्ट झालाय."

हे फिजिओवाल्या मॅडमना सांगितलं. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. म्हणाली, "काका, बघूया." व्हरांड्यात 10 मीटरवर पट्ट्या चिकटवलेल्या. नुसतं चाललो : 15 सेकंद. मग म्हणाली, आता 100 मधून सात-सात कमी करत चाला. 93, 86... तिथं थांबलो. पाय थांबला की आकडा थांबला, कळलंच नाही. 79 म्हणेपर्यंत मॅडम काखेजवळ हात धरून उभी. 24 सेकंद, आणि पुढचा आकडा 71 सांगितला! शंभराची मोड 31 वर्षं दिलेल्या माणसानं.

तिनं समजावलं ते असं : पूर्वी चालणं आतल्या आत, सवयीनं चालायचं. आता पाय कधी उचलायचा, टाच कुठं टेकवायची, हे डोकं मुद्दाम बघतं. वजाबाकीलाही तेच डोकं लागतं. गिऱ्हाईक दोन, कंडक्टर एक. मग कुणाचं तरी तिकीट राहतंच. कुणाचा आकडा चुकतो, कुणाची चाल मंदावते. माझं दोन्ही.

गंमत पुढं आहे. "काका, गाडीचे थांबे म्हणत चाला," म्हणाली. कुंभारी, वळसंग करत अक्कलकोटला पोचलो, पाय अडला नाही! पाठ असलेलं ओठावरून जातं, डोक्याला तोशीस नाही. हेच थांबे एकाआड एक म्हणायला लावले, की पुन्हा घासणं सुरू.

आता सराव असा : आधी खुर्चीत बसून वजाबाकी. मग कट्ट्याला धरून उभ्यानं. मग व्हरांड्यात, कुणीतरी बाजूला असताना. सातऐवजी तीननं. रस्त्यावर अजिबात नाही, ही मॅडमची सक्त ताकीद. पार्क चौकात रिक्षा कुठून येईल सांगता येत नाही, तिथं मी मोबाईल वाजला तरी खिशात हात घालत नाही. यंदा गड्ड्याच्या यात्रेलाही गेलो नाही. सिद्धेश्वराला घरूनच हात जोडले.

सगळ्यात अवघड प्रकरण आमची मालकीण. बाजारात माझ्या एक पाऊल मागं चालते आणि मध्येच, "अहो, मेथी घ्यायची का चाकवत?" परवा त्यापायी भाजीवालीच्या पाटीत काठी गेली. भाजीवालीनं कानडीतून काय सुनावलं ते इथं लिहीत नाही. घरी येऊन तहाची बोलणी झाली. बोलायचं असेल तर आधी तिनं "टिंग" म्हणायचं. मी थांबतो, काठी रोवतो, मग मेथी का चाकवत ते ठरतं.

दोस्तालाही तलावावर गाठून बाकावर बसवलं आणि वळसंगचं तिकीट सांगितलं. तो म्हणाला, चूक. आमची अर्धा तास जुंपली. शेवटी मालकीण कंटाळून मागून म्हणाली, "टिंग टिंग."