सहा पौंडांचे कार्ड आणि आठ महिने

जुन्या क्रिकेट कार्डांचा संग्रह करताना गेल्या बावीस-तेवीस वर्षांत माझा उत्साह दोनदाच पार मावळला: एकदा कसरीमुळे आणि एकदा ‘सिगारेट’ या एका शब्दामुळे. पहिल्याचे दुःख आता ओसरले आहे. दुसऱ्याचा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही, आणि पुढचे सगळे त्या रागातूनच लिहीत आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

या छंदाची कल्पना नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. पूर्वी इंग्लंडमध्ये सिगारेटची पाकिटे पातळ कागदाची असत, आणि आतल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून त्यांत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. या तुकड्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुढचे पाकीटही आपलेच घेईल, हे कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आले, आणि मग जहाजे, पक्षी, नट्या आणि क्रिकेटपटू त्या पाकिटांतून घरोघर पोहोचले. नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेयर अँड सन्स या कंपनीने १९३०, १९३४ आणि १९३८ या तीन वर्षी, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला त्या उन्हाळ्यांच्या निमित्ताने, क्रिकेटपटूंचे पन्नास-पन्नास कार्डांचे संच काढले. पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईमुळे काही वर्षे कार्डे थांबली होती. १९४० साली दुसऱ्या महायुद्धाने ती प्रथाच मोडून टाकली.

माझा जीव १९३०च्या संचावर. तो कसा जमला, यात सांगण्यासारखे फारसे नाही. लीड्सला राहणारा भाचा दर वेळी येताना चार-सहा कार्डे आणायचा, ब्रॅडमनच्या कार्डासाठी मी एका दिवाळीचा बोनस मोडला, आणि २०१२ साली पन्नास पुरी झाली. २०१९च्या पावसाळ्यात कसरीने नेमके दुलीपसिंहजींचे कार्ड डाव्या बाजूने कुरतडले. आमच्या रत्नागिरीला आषाढ-श्रावणात कपाटातल्या सुती कपड्यांनाही बुरशी येते, हे ठाऊक असून मी अल्बम भिंतीला टेकून ठेवला होता, चूक माझीच. अल्बमची पाने पीव्हीसीची नसावीत, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात आणि पावसाळ्यात महिन्यातून दोनदा, ऊन पडलेल्या दिवशी, अल्बम उघडून पाहावा.

ज्यांना दुलीप हे नाव फक्त करंडकामुळे माहीत आहे त्यांच्यासाठी: हे रणजींचे पुतणे, ससेक्सचे फलंदाज. १९३० साली लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आपल्या पहिल्याच कसोटीत त्यांनी १७३ धावा केल्या आणि दोनच वर्षांनी फुप्फुसांच्या आजाराने त्यांचे खेळणे संपले. पन्नासांपैकी दुसरे कोणतेही कार्ड गेले असते तरी मी कदाचित गप्प बसलो असतो.

भाचा तोवर कॅनडाला गेला होता. म्हणून नोव्हेंबर २०२२मध्ये मी इंग्लंडमधल्या एका वृद्ध संग्राहकाकडून सहा पौंडांना ते कार्ड टपालाने मागवले. गृहस्थ प्रामाणिक. त्यांनी पाकिटावरच्या सीमाशुल्काच्या चिठ्ठीवर जे होते तेच लिहिले: एक जुने सिगारेट कार्ड. पाच आठवड्यांनी मला मुंबईच्या एका कार्यालयातून पत्र आले, की आपल्या नावे आलेली तंबाखूजन्य वस्तू रोखून ठेवली आहे, खुलासा करावा.

मी दोन पानी खुलासा पाठवला. त्याचे उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले, त्याला उत्तर आले ते पहिल्याच पत्राची प्रत. फोन लागला की ‘टेबल बदलले आहे’ असे कळे. फेब्रुवारीत रात्रीची कोकणकन्या पकडून मी स्वतः गेलो. खिडकीपाशी पावणेदोन तास उभे राहिल्यावर एका तरुण कारकुनाने पाकिटाची नोंद पाहून मला विचारले, की आयात केलेल्या सिगारेटच्या पाकिटावर पंच्याऐंशी टक्के भागात धोक्याची सचित्र सूचना लागते, ती याच्यावर आहे का? मी म्हटले, की हे पाकीट नव्हे, त्र्याण्णव वर्षांपूर्वीचा कागदाचा तुकडा आहे, बोटाएवढा, आणि ज्याच्यासोबत तो आला ती सिगारेट कोणी तरी १९३० सालीच ओढून संपवली. तो म्हणाला, ‘मग तसे बिल आणा. सही-शिक्क्याचे.’ बिल म्हणजे विक्रेत्याचा एक ईमेल. सत्तरी ओलांडलेला एकटा माणूस शिक्का कुठून आणणार? पाकीट उघडून पाहा, अशी विनंती मी तीनदा केली. उघडण्याचा अधिकार दुसऱ्या मजल्यावर होता आणि दुसरा मजला त्या दिवशी रजेवर होता.

परतीच्या गाडीत मी ठरवले, की आता पुरे. त्यानंतर तीन महिने मी अल्बमला हात लावला नाही. नवे काही घेतले नाही, संग्राहक मित्रांच्या पत्रांना उत्तरे दिली नाहीत. त्यातच मेव्हण्यांनी, अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे कार्ड एक कोटी सव्वीस लाख डॉलरना विकले गेल्याचे कात्रण दाखवून, ‘तुमचे कितीला जाईल हो, दाजी?’ असे विचारले. असे विचारणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याला खरी किंमत सांगू नये आणि आपणही ती वरचेवर पाहू नये. माझ्या ओळखीतले ज्यांनी ज्यांनी भावाकडे डोळे लावून कार्डे घेतली, त्यांचे अल्बम पाच-सात वर्षांत माळ्यावर गेले.

मे महिन्यात, आंबे संपत आल्यावरच्या रिकाम्या दुपारी, मी अल्बम पुन्हा काढला तो विकण्यासाठी यादी करावी म्हणून. यादी करताना कार्डांच्या मागचा मजकूर वाचू लागलो. इतक्या वर्षांत मी तो धड वाचलाच नव्हता, कोपरे दुमडलेले आहेत की नाहीत एवढेच पाहत आलो होतो. मग एका जुन्या हिशेबाच्या वहीत एकेक कार्ड मराठीत उतरवायला घेतले आणि त्याखाली त्या खेळाडूचे पुढे काय झाले ते लिहीत गेलो. त्या दौऱ्यावर ब्रॅडमनसोबत आलेला आर्ची जॅक्सन तेविसाव्या वर्षी, १६ फेब्रुवारी १९३३ रोजी, क्षयाने वारला; इंग्लंडने ब्रिस्बेनला ॲशेस परत जिंकली तोच तो दिवस. ही नोंद करताना दुलीपची आठवण येणे अपरिहार्य होते. एकोणपन्नास नोंदी झाल्या आणि पन्नासाव्या पानावर नुसते नाव लिहून वही मिटवणे मला जमेना. विक्रीची यादी कुठे गेली ते आजही सापडलेले नाही.

विक्रेत्याला मी सगळी हकीकत कळवली. त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहून, सही करून, सोबत त्याच संचातल्या एका फाटक्या कार्डाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवली. हे सर्व, ओळखपत्र आणि पैसे भरल्याचा बँकेचा दाखला घेऊन जूनअखेर, भर पावसात, मी पुन्हा मुंबईला गेलो. (आता मी कोणालाही सांगतो: पाठवणाऱ्याला चिठ्ठीवर ‘जुने छापील चित्र, कागद’ असे लिहायला सांगा, त्यात खोटे काही नाही, आणि पावसाळ्यात काहीही मागवू नका.) या वेळी दुसरा मजला हजर होता. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कागद पाहिले, पाकीट कात्रीने कापले, कार्ड प्लॅस्टिकच्या खोळीसकट उलटेपालटे करून मागचा मजकूर वाचला आणि विचारले, ‘काका, हे दुलीप ट्रॉफीवाले का?’ मी हो म्हटले. पुढचे सगळे सात मिनिटांत झाले. मी घड्याळ पाहिले होते.

शुल्क भरले ४१२ रुपये. कार्डाची मूळ किंमत सहाशेच्या आसपास आणि दोन फेऱ्यांचा खर्च कशातच धरलेला नाही. पावतीवर वस्तूचे वर्णन ‘छापील कागद, नग १’ असे आहे. माझ्या अल्बमच्या प्रत्येक पानाला दहा कप्पे, म्हणजे पन्नास कार्डांना पाच पाने नेमकी पुरतात. पावतीसाठी मी सहावे पान घातले आहे.