अर्ध्या सुताची भीती

इथे आल्यावर रिकामे हात बसू देईनात म्हणून क्विल्ट शिवायला लागले. तिला गोधडीच म्हटलं असतं, पण इथल्या बायका पट्टी लावून गोल कटरने ज्या काटेकोरपणे तुकडे कापतात, ते पाहून जीभ रेटली नाही.

पहिला क्विल्ट पूर्ण होऊन पाच महिने कपाटात घडी घालून पडला होता. आमच्या शिवणाच्या ग्रुपमध्ये दर महिन्याला आपलं काम सगळ्यांसमोर उभं धरून दाखवायचं असतं. समोर वर्षानुवर्षं शिवणाऱ्या बायका, आणि बोलायचं परक्या भाषेत. शेवटी नेला. दोघींनी दोन टोकं धरली आणि माझं तोंड सुरू झालं ते थांबेचना. हा कोपरा जुळला नाही, तिथे रंग फसला, खालचे टाके लहानमोठे आलेत... तेव्हा वाटलं, हा माझा विनय. घरी येताना कळलं, ती तटबंदी होती. सगळे दोष मीच बोलून टाकले की दुसऱ्याला बोलायला काही उरत नाही. कौतुकालाही नाही.

निघताना ग्रुपमधल्या एक आजी जवळ आल्या. "तुझी शिलाई जाड येते. मोजून बघ," एवढंच म्हणाल्या. दोन दिवस मी धुमसत होते. तिसऱ्या दिवशी पट्टी घेतली. क्विल्टमध्ये काठापासून शिलाई पाव इंचावर हवी, म्हणजे दोन सूत. माझी अडीच सूत येत होती. अर्ध्या सुताने काय होतं? तर प्रत्येक जोडावर दोन्ही तुकड्यांचं अर्धं अर्धं सूत जातं. एका ओळीत सोळा तुकडे, म्हणजे पंधरा जोड. ओळ जवळजवळ दोन इंचांनी आखूड. शेजारच्या कमी जोडांच्या ओळीशी तिचे कोपरे जुळणार कसे! माझ्या हातात कला नाही असं मी धरून चालले होते, आणि दुखणं निघालं मशीनची सुई कुठे पडते याचं. टाचण्यांचा डबा संपला असता तरी ते कोपरे जुळले नसते.

जुन्या बायका मुद्दाम एक चूक ठेवत, कारण निर्दोष फक्त देव, ही गोष्ट क्विल्टवाल्यांत हमखास ऐकायला मिळते. इतिहास अभ्यासणारे तिला दंतकथा मानतात. मला तर तिची गरजच नाही, माझ्या चुका न ठेवता राहतात.

अलाबामातल्या गीज बेंड गावच्या बायकांचे क्विल्ट मात्र मी फोटोंत पुन्हा पुन्हा बघते. झिजलेल्या कामाच्या कपड्यांचे, तिरक्या पट्ट्यांचे. 2002 मध्ये ते ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागले. त्यांच्या रेषा तिरक्या म्हणून माझ्याही खपतील, असं नाही. त्यांचा हात वळतो, माझा घसरतो. एवढा फरक मला कळतो.

मागच्या महिन्यात दुसरा क्विल्ट नेला. त्यात एक त्रिकोण उलटा लागलाय. कडेची पट्टी शिवून झाल्यावर दिसला. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. कुणीतरी विचारलं, "मधलं निळं कापड कुठलं?"

"नवऱ्याचा शर्ट. त्याला अजून पत्ता नाही."

सगळ्या हसल्या. आजी तेवढ्या चष्मा कपाळावर चढवून, वाकून माझी शिलाई न्याहाळत होत्या. पट्टी आणायला विसरल्या असाव्यात.